चव्वेचाळीस बादल्या

तुतीची काठी, हातभर लांब. तिच्यावर सुरीने पाडलेल्या खाचा.

गुडघ्यापर्यंतचा घट्ट पांढरा मोजा. एकच. दोरीवर वाळत होता तेव्हा शेजारच्या सावेताने कुंपणावरून विचारलं होतं, "आणि दुसरा कुठं गेला?" "दुसरा पाय शहाणा आहे," स्मरांदा म्हणाली होती.

स्मरांदाच्या डायरीचं पान. पहिला थांबा: शौचालयाला कडी नाही. दुसरा थांबा: पेट्रोल पंपामागे, बरं आहे. त्यानंतर दोन तास काहीच नाही.

मरियामातेच्या तसबिरीमागे खोचलेला कागद, चार घड्या घातलेला. आला तसा दोमनिकाने तिथे ठेवला. "मला काय कळतंय त्यातलं? जिला कळतंय तिने वाचावं."

इस्टरची लाल अंडी. नऊ रंगवली, सात उरली.

*

दोमनिका त्रेसष्ट वर्षांची, विधवा. स्मरांदा तिची एकुलती एक लेक, तिमिशोआरा शहरात चष्म्याच्या दुकानात कामाला. स्मरांदाला दोन आजार होते आणि त्या दोघांचं आपसात पटत नव्हतं. एक क्रोन्सचा. आतडं सुजायचं, आत जखमा व्हायच्या, दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागायचं, कधी रक्तही पडायचं. दुसरा जन्मापासूनचा. रक्त पटकन गोठायचं. चार वर्षांपूर्वी डाव्या पोटरीत रक्ताची गाठ झाली होती, तेव्हापासून त्या एका पायावर घट्ट मोजा. रक्त पातळ ठेवायची गोळी घ्यावी तर आतड्यातून जास्त जायचं, गोळी कमी करावी तर पोटरीची धास्ती.

"पोटात थांबायला हवं तिथं थांबत नाही आणि पायात वाहायला हवं तिथं वाहत नाही," ती फोनवर सांगायची. "माझं रक्त आपल्या गावच्या कचेरीसारखं आहे गं आई. नको ते काम जोरात."

दोमनिका हसायची आणि फोन ठेवल्यावर तसबिरीकडे बघत बसायची. लेक तीन वर्षं इस्टरला घरी आली नव्हती. सहा तासांची मिनीबस, तिच्यात शौचालय नाही. दोमनिकाच्या हातात काय होतं? ती दर शुक्रवारी काळा उपास करायची. अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. दोन वर्षांत एकही शुक्रवार चुकला नव्हता. एवढं केल्यावर पोरगी बरी होऊन दारात उभी राहील, एवढंच तिचं मागणं होतं.

*

या वर्षी इस्टरआधीच्या मोठ्या शुक्रवारी दुपारी मिनीबस फाट्यावर थांबली आणि स्मरांदा उतरली. बारीक झालेली, पण स्वतःच्या पायांवर. ओठ सुकून पांढरे.

"काही खाल्लंस का गं?"

"काल रात्रीपासून पाण्याचा थेंबही घेतला नाही."

वाटेत धावायची वेळ येऊ नये म्हणून घेतला नव्हता. पण हे दोमनिकाला डायरीचं पान मिळाल्यावर कळलं. त्या क्षणी तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तू पण? माझ्यासारखाच काळा उपास?"

स्मरांदा तिच्याकडे बघत राहिली. ते बघणं दोमनिकाला पुढे झोपेतही दिसायचं.

"हो आई," स्मरांदा म्हणाली.

घरात खिडकीपाशी पाण्याचा घडा होता, वर झाकण, झाकणावर फुलपात्र. पाहुण्याला आल्याबरोबर पाणी द्यायचं, हे दोमनिकाला कुणी शिकवायला नको होतं. त्या दिवशी तिने दिलं नाही. उलट घडा उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवला, पोरीची नजर जायला नको म्हणून.

*

चर्चमध्ये बायकांनी वाट दिली.

"पुढे येऊ द्या तिला. आजारी असून उपास धरलाय."

"पाणीसुद्धा नाही? आमच्या सुना दुपारपर्यंत धरत नाहीत!"

"तुझ्या सुना शुक्रवारी चहा पितात, मग पाप लागू नये म्हणून साखर घालत नाहीत," दुसरी म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून सगळ्या हसल्या.

स्मरांदाही हसली. या गावात तिच्या पोटाविषयी कुजबुजीशिवाय कुणी बोललं नव्हतं. आज सगळे मोठ्याने बोलत होते, आणि कौतुकाने. दोमनिकाची मान इतकी ताठ कधीच झाली नव्हती.

येशूच्या थडग्याचं कापड पसरलेल्या टेबलाखालून सगळे तीनदा जातात, तशी स्मरांदाही गुडघ्यांवर गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली ती टेबलाचा पाय धरूनच उठली.

"काय झालं?"

"मुंग्या आल्यात. बसून बसून."

"उतरतील," दोमनिका म्हणाली.

रात्री घरी आल्यावर स्मरांदा पाणी प्यायली. सलग चार फुलपात्रं. शनिवारी मोजा धुऊन वाळत घातला, वाळल्यावर पुन्हा चढवला. रविवारी दोघींनी लाल अंडी एकमेकींवर आपटली. स्मरांदाचं फुटलं नाही. "या वर्षी मी दणकट," ती म्हणाली. जिना चढताना मात्र दोनदा थांबली. सोमवारी सकाळी अंगणातून परत येताना दारातच बसली, आणि श्वास मिळत नाही म्हणाली. रुग्णवाहिकेला चाळीस मिनिटं लागली.

हॉस्पिटलमध्ये तरुण डॉक्टरने दोमनिकाला खुर्ची दिली. पायातली गाठ सुटून फुप्फुसात गेली, त्याने सांगितलं. मग कागद पुढे ओढून विचारलं, "गेल्या काही दिवसांत लांबचा प्रवास? पाणी पीत होती का?"

"उपास होता," दोमनिका म्हणाली.

डॉक्टरने लिहायचं थांबवलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

*

"इस्टरच्या आठवड्यात गेली," सावेता म्हणाली. "या दिवसांत स्वर्गाची दारं उघडी असतात. थेट आत. नशीबवान गं."

"मग तुझी पाठव," दोमनिका म्हणाली.

सावेताने राग धरला नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी घ्यायला तीच उंबऱ्यात उभी राहिली. मेलेल्याला तिकडे तहान लागू नये म्हणून चाळीस दिवस शेजाऱ्याकडे पाणी पोचवायचं असतं, रोज एक आणि शेवटी वरच्या चार, एकूण चव्वेचाळीस बादल्या, दर बादलीला काठीवर एक खाच. हे काम खरं तर गावातल्या कुणा कुमारिकेचं. पाद्रीबाबांनीही सुचवून पाहिलं.

"मीच नेणार," दोमनिका म्हणाली. "मीच दिलं नव्हतं."

पाद्रीबाबांना वाटलं, बाई दुःखाने भलतंच बोलते आहे.

रोज सकाळी ती विहिरीवरून बादली न्यायची आणि फुलपात्र भरून सावेतापुढे धरायची. "हे स्मरांदाचं."

"देव तिला पोचवो," म्हणून सावेता घोटभर घ्यायची. तेवढं पुरतं.

"सगळं पी."

"अगं, सकाळी सकाळी एवढं?"

"सगळं."

विसाव्या दिवशी सावेता म्हणाली, "दोमनिका, माझं पोट फुटेल. तुझ्या लेकीच्या नावाने रात्री तीनदा उठते मी."

"ती दहादा उठायची," दोमनिका म्हणाली. सावेताने फुलपात्र पुन्हा तोंडाला लावलं आणि रिकामं करून परत दिलं.

चाळिसाव्या दिवशी दोघी ओढ्यावर गेल्या. भोपळ्याच्या अर्ध्या कवटीत मेणबत्ती लावून पाण्यावर सोडली, पाठोपाठ काठी. साक्षीला कुणीतरी लागतं, म्हणून दोमनिकाने विचारलं, "सावेता, पाहिलंस ना तू? चव्वेचाळीस दिल्या?"

"दिल्यास."

"पोचल्या असतील?"

सावेता काठीकडे बघत होती. ती दगडाला अडकली, फिरली, पुढे गेली.

"पोचल्या," ती म्हणाली.

"उशिरा," दोमनिका म्हणाली, आणि रिकामी बादली उचलली.

तसबिरीमागचा कागद डॉक्टरांच्या सूचनांचा होता, गेल्या ऑक्टोबरमध्ये टपालाने आलेला. स्मरांदाने तो आईसाठीच पाठवला होता, आणि त्यातली तिसरी ओळ पेनाने अधोरेखित केली होती: दिवसाला दोन लिटर पाणी, प्रवासात त्याहून जास्त.