बिनखुणेचा शर्ट

लाँड्री बंद करायची ठरलं तेव्हा काकूंनी एकच अट घातली. मुलीकडे परदेशात कायमचं राहायला जायचं, ठीक आहे. मशीन विकायचं, ठीक आहे. दुकानाची जागा शेजारच्या चष्मेवाल्याला द्यायची, तेही ठीक. पण शेवटच्या गठ्ठ्यातला शेवटचा हातरुमालसुद्धा ज्याचा त्याच्याच हातात पडला पाहिजे. "एक जरी कपडा इकडचा तिकडे गेला, तर तुम्ही एकटेच बसा विमानात," त्यांनी नवऱ्याला बजावलं. काकांनी मान डोलावली. लग्न झाल्यापासून मान डोलावण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

गल्लीत सगळे त्यांना काका-काकूच म्हणत. दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढे काउंटर आणि त्यामागे भिंतभर लाकडी खण, मागच्या खोलीत मशीन, वाळत घालायच्या तारा आणि इस्त्रीचं टेबल. धुणं आणि इस्त्री काकांची, गिऱ्हाईक आणि खण काकूंचे. इतक्या वर्षांत काकूंच्या हातून एकही कपडा चुकला नव्हता. समोरच्या चकचकीत ड्रायक्लीनरकडे कॉम्प्युटरवर छापलेल्या चिठ्ठ्या होत्या, तरी तिथून लोक दुसऱ्याची पँट घालून घरी जात. काकूंकडे चिठ्ठी नव्हती आणि वहीही नव्हती. त्यांच्याकडे दोरे होते.

प्रत्येक घराचा रंग ठरलेला. कपडा पहिल्यांदा आला की आतल्या बाजूला, खालच्या दुमडीत, काकू त्या रंगाचा एक बारीक टाका घालत. दातांच्या डॉक्टरांचा हिरवा, बेकरीवाल्याचा पिवळा आणि निळा, कंडक्टरच्या घरचा लाल. घालणाऱ्याला तो टाका कधी दिसतही नसे. कुठला रंग कुणाचा, हे सगळं काकूंच्या डोक्यात. काकांना विचाराल, तर त्यांना स्वतःच्या मोज्यांची जोडी लावताना मारामार. घरच्या कपड्यांना मात्र काकूंनी कधी दोरा घातला नाही. घरचं ते घरचं, त्याला खूण कसली, असं त्यांचं म्हणणं.

शेवटच्या आठवड्यात काकूंनी जाहीर केलं की कपडे परत देताना दोरे काढून द्यायचे.

"ते कशाला आता?" काका म्हणाले. "असू दे की, कुणाला टोचतोय?"

"दुकान आपलं बंद. मग आपली खूण लोकांच्या अंगावर कशाला ठेवायची? उद्या ते दुसरीकडे कपडे टाकतील, तिथल्यांचा गोंधळ व्हायला नको."

काकांनी मान डोलावली. बायकोचा हा असला नेटकेपणा त्यांना कधी कधी छळत असे, पण मनातून त्यांना त्याचं फार कौतुक होतं. तसं तोंडाने बोलून दाखवायची त्यांची छाती झाली नव्हती, एवढंच.

गुरुवारी दुपारी काकू बॅगांना कुलपं आणायला बाहेर पडल्या. जाता जाता म्हणाल्या, "तेवढे दोरे काढून ठेवा." त्यांच्या मनात होतं की आधी कपडे खणांत लावायचे आणि मग एकेका खणातले दोरे काढायचे. हे सांगायची गरज आहे असं त्यांना वाटलं नाही. कोणालाच वाटलं नसतं. पण काकांनी शब्द न् शब्द पाळला. तारेवरून वाळलेले कपडे काढले, छोटी कात्री घेतली आणि सगळ्या कपड्यांचे दोरे काढून टाकले. मग त्यांनी कपड्यांना झकास इस्त्री केली, टेबलावर ढीग लावला आणि कौतुकाची वाट बघत बसले.

काकू आल्या. त्यांनी ढीग बघितला, मग खण बघितले. खण रिकामे होते.

"हे कुणाचे कपडे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"सगळ्यांचे," काका म्हणाले, आणि तो शब्द तोंडातून बाहेर पडता पडताच आपण काय केलं ते त्यांना कळलं. टेबलावर नुसते पांढरे शर्ट, पांढऱ्या उशांचे अभ्रे, पांढरे कोट. कागदी बशीत दोऱ्यांचे तुकडे, सगळे रंग एकत्र.

काकू ओरडल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि बशीकडे बघत राहिल्या. काकांना कळत होतं की प्रश्न नुसत्या कपड्यांचा नाही. मुलीच्या देशात काकूंना कोण ओळखणार होतं? तिथे दुकान नाही, काउंटर नाही, रस्त्यात थांबवून बोलणारं कुणी नाही. 'काकूंच्या हातून कपडा चुकत नाही' हे नाव तेवढं त्या सोबत घेऊन जाणार होत्या, आणि तेच आपण कात्रीने कापून बशीत ठेवलं, असं काकांना वाटलं. त्यांना स्वतःचा इतका राग कधीच आला नव्हता.

"चूक झाली गं," ते म्हणाले. "घरोघर जाऊन विचारतो, कुणाचं काय आहे ते."

"काही नको." काकू उठल्या, हात धुऊन पुसले आणि पहिला शर्ट उचलला. खिडकीशी नेला, उलटा केला, डाव्या खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. "कंडक्टर," त्या म्हणाल्या. "पिशवीच्या पट्ट्याने इथलं कापड विरलंय." शर्ट खणात गेला.

पुढचे दोन तास काका दाराशी उभे राहून बघत होते. मदत करू का, हे विचारायचंसुद्धा त्यांना धाडस होईना. बेकरीवाल्याच्या खिशाच्या शिवणीत कितीही धुतलं तरी पीठ राहतंच, ते काकूंनी नखाने काढून दाखवलं. एका अभ्र्याचा वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यांच्याकडे केसांना कसलंसं तेल लावतात, ते साबणाचंसुद्धा ऐकत नाही." एका शर्टच्या खांद्यावर फिकट पिवळा डाग होता. कोपऱ्यावरच्या घरात नुकतंच बाळ आलंय, खांद्यावर घेतलं की ओकतंय, हे त्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यावरच्या दोन भावांचे शर्ट एकाच ताग्यातले, एकाच मापाचे. तिथे मात्र काकू अडल्या. दोन्ही शर्ट शेजारी शेजारी ठेवून किती तरी वेळ बघत राहिल्या.

"धाकटा डावखुरा आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "सही करताना डावा कफ घासतो." आणि डावा कफ घासलेला शर्ट त्यांनी बाजूला काढला.

काकांना वाटलं, आपण इतकी वर्षं समजत होतो की ही दोरे बघते. ही तर माणसं बघत होती. दोरा नुसता सोबतीला होता. त्यांना बायकोपुढे अचानक फार लहान झाल्यासारखं वाटलं, आणि त्या लहान होण्यात त्यांना भलतंच सुख वाटलं.

लायब्ररीवाल्यांचा शर्ट हातात आला तेव्हा काकू पुन्हा थांबल्या. लायब्ररीवाले म्हणजे गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातले एकटे राहणारे गृहस्थ. दुकान उघडलं त्या सकाळी पहिला कपडा त्यांनीच टाकला होता. चण अगदी काकांसारखी, इतकी की पाठमोरे दिसले तर गिऱ्हाइकं त्यांनाच 'काका, कपडे झाले का' म्हणून हाक मारत. पांढरा शर्ट त्यांच्याकडे एकच, आणि तो त्यांनी पार वापरून टाकला होता. कॉलर झिजली तेव्हा काकूंनी ती उसवून, उलटवून शिवून दिली होती. आता तीही बाजू विरली होती. मागे एकदा काकूंनी काकांचा एक शर्ट देऊ केला, तर गृहस्थ हसून म्हणाले होते, "वहिनी, फुकटचं मला पचत नाही." पुढचा महिनाभर त्यांनी कपडे घरीच धुतले होते.

"ओळखू येत नाही का?" काकांनी विचारलं.

"न ओळखायला काय झालं?" काकू म्हणाल्या. "शनिवारी संध्याकाळी निवृत्तीचा निरोपसमारंभ आहे त्यांचा. स्टेजवर बसवणार आहेत." त्यांनी तो शर्ट खणात न टाकता बाजूला ठेवला, आणि उभं राहून दमलेले काका चहा ठेवायला गेले.

शुक्रवारी गल्ली लोटली. लोक कपडे घेत होते, उघडून बघत होते, डोळे पुसत होते. कंडक्टरने काकांना मिठी मारली. डॉक्टर म्हणाले, आता आमचे कपडे कोण सांभाळणार. दुमड उलटून बघितली तर दोरा नाही, म्हणून बेकरीवाल्याची बायको हिरमुसली. "तेवढा राहू द्यायचा होता, काकू." एकाचीही तक्रार आली नाही. रात्री खण पुसताना काकू काहीतरी गुणगुणत होत्या. काकांना ते फार दिवसांनी ऐकू आलं.

शनिवारी सकाळी चष्मेवाल्याला किल्ली द्यायला दोघं दुकानात उभे होते, तेवढ्यात लायब्ररीवाले आले. हातात घडी केलेला शर्ट होता.

"वहिनी, रागावू नका," ते म्हणाले. "हा शर्ट माझा नाही."

काकांचा चेहरा पडला. सगळं बरोबर झालं आणि शेवटी, जाता जाता, हे. त्यांनी शर्ट हातात घेतला. कॉलर करकरीत, कापड घट्ट विणीचं, बटणं शिंपल्यासारखी. त्यांनी तो लगेच ओळखला. मुलीने मुद्दाम पाठवलेला, विमानात घालायचा त्यांचा स्वतःचा शर्ट होता तो. बुधवारीच एकदा घालून बघितला होता आणि धुवायला टाकला होता. 'अहो, हा तर माझा' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बायकोकडे बघितलं. काकूंच्या नजरेने ते तोंड तसंच मिटलं.

"तुमचाच आहे," काकू लायब्ररीवाल्यांना म्हणाल्या. "कॉलर उलटवलीय, म्हणून नवी वाटते."

"वहिनी, कॉलर तुम्ही मागेच उलटवली होती."

"मग परत सुलटवली."

लायब्ररीवाल्यांनी दुमड उलटून बघितली. "खूण दिसत नाही कुठे."

"खुणा काढल्या सगळ्यांच्या. गल्लीत विचारा." काकूंचा आवाज ठाम होता, पण त्यांची बोटं काउंटरवर नसलेल्या कपड्याची घडी सारखी करत होती. त्या जन्मात कधी खोटं बोलल्या नव्हत्या आणि त्यांना ते धड जमतही नव्हतं. काकांना ती बोटं दिसली आणि सगळं लख्ख कळलं. इतक्या वर्षांत एकदाही न चुकलेली ही बाई जाता जाता जाणूनबुजून चुकली होती. जे नाव सोबत न्यायचं म्हणून जिवाचा आटापिटा केला, ते तिने या माणसाच्या अंगावर घालायला काढून दिलं होतं. आता बायको एकटी पडत होती, आणि आज मान डोलावून भागणार नव्हतं.

"काय हो," ते लायब्ररीवाल्यांना म्हणाले, "हिच्या हातून कपडा चुकल्याचं ऐकलंय कधी?"

लायब्ररीवाल्यांनी काकांकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, मग शर्टकडे. न कळण्याइतके ते साधे नव्हते.

"नाही," शेवटी ते म्हणाले. "कधीच नाही ऐकलं." त्यांनी शर्टची घडी नीट बसवली. "म्हणजे माझाच असणार."

ते गेल्यावर काकू म्हणाल्या, "चष्मेवाल्याला हाक मारा, किल्ली देऊन टाकू." काकांनी हाक मारली.

निघायच्या दिवशी काकांनी बॅग उघडली. वरच लायब्ररीवाल्यांचा शर्ट होता, काकूंनी स्वतः इस्त्री केलेला. विरलेल्या कॉलरवर बारीक, सुबक रफू होतं. काकांनी तो अंगात घातला आणि आरशात बघून बटणं लावली. काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी फक्त कॉलर तेवढी सारखी केली.

विमानतळाबाहेर मुलगी धावत आली, आईच्या गळ्यात पडली, बापाच्या गळ्यात पडली. मग तिचं लक्ष कॉलरकडे गेलं.

"बाबा, हा कुणाचा शर्ट घातलाय? मी पाठवलेला कुठाय?"

काकूंनी मान खाली घातली. काकांनी मुलीच्या हातातून सामानाची गाडी स्वतःकडे घेतली आणि ढकलू लागले.

"माझाच आहे गं," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या हातून कपडा चुकत नाही."