अंगठा दबेल एवढी हवा

मी टायर बोलतोय. डोंगरात जाणाऱ्या सायकलचा, आणि त्यातही पुढचा. आमच्यात पुढच्या-मागच्याला फार महत्त्व. मागच्याने ओझं ओढायचं, पुढच्याने वाट धरायची. वळणावर मागचा घसरला तर माणूस सावरतो. पुढचा घसरला की सगळंच आडवं. ही बढाई नाही हो. पुढे जे घडलं ते नीट कळावं म्हणून आधीच सांगून ठेवतोय.

जन्म कारखान्यातला. वाफ, रबराचा वास आणि तापलेला लोखंडी साचा. साच्यातून बाहेर आलो तो अंगभर दात घेऊनच. मधले बुटके, कडेचे चांगले उंच. तिथून थेट एका दुकानाच्या भिंतीवर लटकलो.

भिंतीवर आमचं सगळं गोत्र होतं. एकजण सडपातळ आणि गुळगुळीत, डांबरी रस्त्याचा. त्याला वेगाशिवाय दुसरा विषय नसे. एकाचे दात बारीक आणि दाट, सुक्या कडक मातीवर पळायला. एकाचे लांब आणि विरळ, मध्ये चिखल अडकू नये म्हणून. तो बिचारा बारा महिने पावसाकडे डोळे लावून बसलेला. मी रुंद, मऊ रबराचा. दगडधोंडे आणि झाडांची मुळं असलेल्या उतारासाठी.

दुकान एका बाईंचं. सगळे त्यांना ताई म्हणत. गिऱ्हाईक टायर मागू लागलं की ताई टायरकडे बघायच्याच नाहीत, माणसाकडे बघायच्या. "वाट कुठली? माती की दगड? ओल असते का? आणि वजन किती तुमचं? खरं सांगा." वजनाचा प्रश्न आला की निम्मे लोक पोट आत घेत. एकदा एक साहेब आले आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हा द्या, जबरदस्त दिसतो."

"कुठे चालवणार?"

"रोज ऑफिसला जातो."

"वाटेत डोंगर आहे?"

"उड्डाणपूल आहे."

ताईंनी हसू दाबून त्यांना तो गुळगुळीत टायर दिला. मी सुटलो, नाहीतर डांबरावर दात झिजवून म्हातारा झालो असतो.

मग एक दिवस ती आली. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची ती. दिवसभर हातभर अंतरावर नजर; आठवड्यातून एकदा तरी लांबचं बघावं, म्हणून तिने डोंगराची सायकल घेतली होती. बाकीचे सगळे वेगाची भाषा करायचे. तिने सरळ सांगितलं, "ताई, मी नवी आहे. उतारावर मला भीती वाटते."

ताईंना हे उत्तर फार आवडलं. "मग पुढे हा घाल. जड आहे जरा, चढावर दम काढेल तुझा. पण उतारावर हात सोडणार नाही. मागे बारीक दातांचा चालेल." त्यांनी मला रिंगवर चढवलं, हवा भरली, अंगठ्याने दाबून पाहिलं आणि थोडी सोडून दिली. "याला टम्म भरायचं नाही बरं का. अंगठा थोडा दबला पाहिजे. मऊ असला तर दगडाला कवटाळतो. टणक झाला की त्याच दगडावरून उडतो."

ती हो हो म्हणाली. पण नव्या सायकलच्या आनंदात कुणाला काय ऐकू येतं? तिचं लक्ष केव्हाच डोंगरावर पोचलं होतं.

पहिला दिवस मी विसरणार नाही. डोंगराच्या अर्ध्यावर एक वळण आहे. एका जुन्या झाडाची मुळं तिथे वाटेवर आडवी पसरलीत. त्या वळणावर तिचा श्वास अडकला, पण मी एकेक मूळ धरत धरत उतरलो. खाली आल्यावर ती एकटीच मोठ्याने हसली.

घरी तिचे बाबा होते. आयुष्यभर त्यांनी सायकलवरून बर्फाच्या लाद्या पोचवल्या. मागे तरटात गुंडाळलेली लादी आणि डोक्यावर ऊन. चाक बसलं की वेळ जायचा, वेळ गेला की बर्फ जायचा. 'हवा कमी तर बर्फ कमी' हे त्यांचं शास्त्र. बर्फाचं काम सुटलं तरी ती सायकल आणि लाकडी मुठीचा पंप त्यांनी जपून ठेवला होता. मुलीची आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि बोलण्याच्या बाबतीत दोघंही भलते काटकसरी.

पुढच्या रविवारी ती आत बुटाच्या नाड्या बांधत होती. बाबा हळूच माझ्यापाशी आले आणि त्यांनी अंगठा दाबला. अंगठा आत गेला तसा त्यांचा चेहरा उतरला. "एवढीच हवा? आणि पोर चालली डोंगरात!" लगेच पंप आला. माझ्या तोंडाला बसावा म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच त्याचं तोंड बदलून आणलं होतं, म्हणजे बघा. अंगठा घसरू लागेपर्यंत त्यांनी मला भरलं. मग ती बाहेर आली आणि ते नुसतेच बाजूला झाले. सांभाळून जा, लवकर ये, असलं काही म्हणायची त्यांना सवय नव्हती. जे म्हणायचं ते त्यांनी माझ्यात भरलं होतं.

तिथून सगळं बिनसलं. दगडाला टेकतो न टेकतो तोच मी वर उडायचो. मुळांवर नुसता चेंडू व्हायचो. तिचे हात थरथरायचे, दात एकमेकांवर आपटायचे. 'अगं, थोडी हवा सोड,' असं किती वेळा ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हाला तोंड दिलंय ते फक्त हवा घ्यायला. आणि ती मला नाही, स्वतःलाच बोल लावायची. "पहिल्या दिवशी जमलं ते आता का जमेना? माझ्यातच दम नाही."

आणि एका रविवारी, त्याच मुळांच्या वळणावर, मी घसरलो. ती डाव्या हातावर पडली. मनगट मोडलं.

हात प्लास्टरमध्ये, काचेचं काम बंद, सायकल घरातल्या बोळात उभी. येता-जाता ती आमच्याकडे बघायचं टाळायची. बाबा मात्र रविवारी सकाळी यायचे आणि पंपाचे चार हात मारून जायचे. उभ्या सायकलचीही हवा उतरते, हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या जिवाला काय वाटायचं ते कुणाला सांगू?

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, सायकल विकून टाकते. माझं काम नाही ते."

"बरं," बाबा म्हणाले आणि सायकल पुसायला फडकं शोधू लागले.

दोघं दुकानात आली. मनगट अजून नाजूक, म्हणून सायकल बाबांनी ढकलत आणली. ताईंनी सवयीने मला दाबलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "अगं, ही हवा कुणी भरली?"

"मी," बाबा पुढे झाले. आवाजात केवढा अभिमान! "दर रविवारी, ती निघायच्या आधी. एकदाही चुकलो नाही. पोरीच्या चाकात हवा कमी पडू दिली नाही मी."

ताईंनी बोलायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग बाबांकडे. ताईंचे पहिल्या दिवशीचे शब्द तिला आत्ता ऐकू आले असावेत.

"ताई," ती घाईने म्हणाली, "विकायची नाहीये मला. नुसती दाखवायला आणली होती."

ताईंनी उघडलेलं तोंड मिटलं. बाबांचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

त्यानंतर आमचा एक नवा रिवाज सुरू झाला. रविवारी सकाळी बाबा मला टम्म भरायचे. ती काही न बोलता निघायची. पायथ्याशी एका दगडावर टेकायची, माझं टोपण काढायची आणि फुस्सकन हवा सोडायची. अंगठा दाबून बघायची आणि मग चढायला लागायची. भरणारे बाबा, सोडणारी लेक, मधल्या मध्ये मी. तिची भीती हळूहळू गेली. मुळांचं वळण तर आम्ही असं उतरायला लागलो की ओझ्याच्या नावाने कुरकुरणारा मागचा टायरही कुरकुर विसरला.

पण असं झाकून किती दिवस राहणार? एका रविवारी ती पाण्याची बाटली घरीच विसरली. बाबा ती घेऊन आपल्या जुन्या सायकलवरून पायथ्याशी आले. ती माझ्यापुढे उकिडवी बसलेली आणि मी फुसफुसतोय.

"काय गं, पंक्चर?"

"नाही बाबा." खोटं बोलायला तिला सुचेना. "थोडी हवा सोडतेय. दगडांवर मऊ लागतो हा."

"आजच?"

ती टोपण फिरवत राहिली.

"दर रविवारी?"

तिने मान हलवली. बाबा दगडावर बसले. त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली. "म्हणजे तू पडलीस ती…"

"वळणच अवघड होतं, बाबा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतक्या मायेने भरत होतात. कसं सांगू?"

बाबा खाली वाकले. त्यांनी आपला अंगठा माझ्यावर ठेवला. बर्फाने आणि दोरीने घट्टे पडलेला अंगठा तो. तिने वर आपला अंगठा ठेवून हलकेच दाबला. "एवढी."

"एवढीच?" त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. "बर्फाला चालली नसती."

"मी काय बर्फ आहे, बाबा?"

ते हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्या दोन अंगठ्यांखाली मीही कधी नव्हे इतका सुखात होतो.

पुढच्या रविवारी बाबा पंप घेऊन आलेच, सवय जाते थोडीच. अंगठा दाबला. हवा बरोबर होती, दोघांनी मिळून दाबून पाहिली तेवढी. पंप हातात तसाच राहिला. ती बाहेर आली, सायकल घेऊन दारापर्यंत गेली. बाबांनी पंप खाली ठेवला. रिकामे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"सांभाळून जा गं," ते म्हणाले.

ती थबकली. जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. "हो बाबा," म्हणाली आणि पटकन निघाली, कारण डोळे भरले तर वाट कशी दिसणार?

पुढे खूप फिरलो आम्ही. टायरचं आयुष्य ते किती? कडेचे दात तुटायला लागले, तेव्हा ताईंनी मला उतरवलं आणि माझ्याच जातीचा नवा गडी बसवला. "हा टाकून देऊ?" त्यांनी विचारलं.

"द्या इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी मला चांभाराकडे नेलं आणि माझ्यातल्या धड भागाचे तळ कापून आपल्या जुन्या चपलांना लावून घेतले. आता मी दोन जागी आहे, डावा आणि उजवा. हवेचा तर प्रश्नच मिटला.

तुम्ही कधी टायर घ्यायला गेलात तर भिंतीवर जबरदस्त कोण दिसतो ते बघू नका. आपली वाट बघा, आपलं वजन खरं सांगा, भीती वाटत असेल तर तीही सांगा. आणि आपल्या माणसाच्या चाकात हवा भरताना अंगठा दबेल एवढी जागा ठेवा. उरलेलं तोंडाने बोला.

रविवारी आम्ही पायथ्याला जातो, बाबा आणि मी. ती उतरायच्या वेळेला ते त्याच दगडापाशी उभे राहतात. वरून नवा गडी निघाला की जमिनीची थरथर आधी मला कळते. मग बाबा मुळांचं वळण दिसावं म्हणून टाचा उचलतात, सगळा भार चवड्यांवर घेतात. जागा उताराची आहे, माती भुसभुशीत. ती दिसेपर्यंत मी त्यांना धरून ठेवतो.