अर्ध्या बोटाचा फरक

"ताई, आत गेल्यावर तोंड उघडू नकोस," धाकट्याने दुकानाच्या पायरीवरच बजावलं.

हा माझा भाऊ. बेचाळीस वर्षांचा आहे, पण मी त्याला धाकटाच म्हणते. त्याचं म्हणणं तसं बरोबर होतं. मागच्या रविवारी एका दुकानदाराने आम्हाला "अस्सल चाळीस वर्षं जुनी" म्हणून जीन्स दाखवली. मी ती उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "गुडघा पॉलिश पेपरने घासलाय, तोही घाईघाईत." आता खरं बोलायचं नाही तर काय करायचं? गेली तीस वर्षं मी लोकांचे कपडे लहानमोठे करून देते. माणूस उठला-बसला की गुडघ्याच्या मागच्या बाजूलाही घड्या पडतात. त्या जीन्सला मागे एक घडी नव्हती. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं आणि धाकटा मला दंडाला धरून बाहेर घेऊन आला.

दोन वर्षं आम्ही एकच जीन्स शोधत होतो. बाबांची.

बाबा सुतार होते. तरुणपणी घेतलेली ती जीन्स त्यांनी कामावर पंचवीसएक वर्षं वापरली. उजव्या खिशात घडीची मोजपट्टी असायची, तिचा चौकोनी डाग मांडीवर उमटला होता. डाव्या गुडघ्यावर टेकून रंधा मारायचे, म्हणून तो गुडघा पांढरा पडला होता. बाबा गेले आणि त्यांचे कपडे आवरायचं काम माझ्याकडे आलं. कपड्यातलं मला कळतं ना! मी प्रत्येक कपडा हातात घेतला, बोटांनी ताणून पाहिला आणि दोन ढीग केले. जीन्स ताणली तेव्हा गुडघ्याचं कापड विरल्यासारखं लागलं. यात काही जीव उरला नाही, असं म्हणून मी ती जुने कपडे नेणाऱ्याच्या गठ्ठ्यात टाकली. मी कापड तपासलं. ते घालणारा माणूस माझ्या ध्यानातच आला नाही. आठवड्याने धाकट्याने विचारलं, "बाबांची जीन्स कुठेय?" मी सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याला कुठून तरी कळलं, की असल्या जुन्या जीन्सना आता भाव आला आहे. "चिंध्यांत गेली नसेल, ताई. एखाद्या दुकानात टांगलेली असेल." तेव्हापासून आमचे रविवार असे जातात. तो वाचून वाचून पंडित झाला. बाजूची शिवण उलटून आत लाल रेघेचा काठ आहे का बघतो, मागच्या खिशात हात घालून तांब्याचा रिव्हेट, म्हणजे ठोकलेली टिकली, चाचपतो. मी मागून पिशवी धरून चालते. माझं पाप होतं, मग पिशवी दुसरं कोण धरणार?

तर हे दुकान. आत कॉफीचा वास आणि जीन्स काचेच्या कपाटात. दुकानदार जाड चष्म्याचा, शांत माणूस होता. धाकट्याने काय हवं ते सांगितलं, तसं त्याने कपाट उघडलं आणि एक जीन्स टेबलावर पसरली.

उजव्या मांडीवर चौकोनी डाग. डावा गुडघा पांढरा. धाकट्याने लाल रेघ पाहिली, रिव्हेट पाहिला, पितळी बटणं पाहिली. मग त्याने तो चौकोनी डाग तळहाताखाली झाकला आणि तसाच उभा राहिला.

"ताई," तो म्हणाला, "बाबांची."

माझे हात आपोआप खाली गेले, पायाच्या दुमडीकडे. सवयच ती. शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी मी दुमडीवरून शिलाईची करते. दुमड कारखान्यातलीच होती, आतून साखळीचा टाका, दोन्ही पाय सारखे. आणि लांब.

ती बाबांची नव्हती.

मी चौदा वर्षांची असताना नुकती मशीनवर बसले होते आणि बाबांनी नवी घेतलेली ती जीन्स त्यांना लांब होत होती. "तूच कर आखूड," ते म्हणाले. त्यांना डावा गुडघा सैल सोडून एका पायावर उभं राहायची सवय. डावीकडचं कापड जास्त लोळत होतं, मी जास्त कापलं. सरळ उभे राहा म्हणून सांगायचं असतं, हे शिवणातलं पहिलं अक्षर, तेच मला ठाऊक नव्हतं. तीन सुया मोडल्या आणि डावा पाय अर्धं बोट आखूड झाला. मी रडायला लागले, तर बाबा खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाले, "राहू दे. चालणाऱ्याला कोण मोजतंय?" त्यांनी ती काम सुटेपर्यंत तशीच वापरली.

कापलेलं कापड काही परत वाढत नाही. ही दुसऱ्या कुठल्या तरी सुताराची जीन्स होती. धाकट्याला हे कळायचं कारण नव्हतं. तो तेव्हा चार वर्षांचा, माझ्या मशीनखाली बसून रिकामी रिळं ढकलत होता.

मी, जी दुकानदाराच्या तोंडावर बोलते, ती गप्प बसले. खरं सांगते, निम्मं त्याच्यासाठी आणि निम्मं माझ्यासाठी. या एका गप्प बसण्याने माझा गुन्हा माफ होणार होता.

"काय गं?" त्याने विचारलं.

"घे," मी म्हणाले.

घरी येऊन त्याने ती घालून पाहिली. चार बोटं लोळत होती. "आखूड करून दे," म्हणून तो माझ्याकडेच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीन्स मशीनवर घेतली. उजवा पाय मापाने कापला. डाव्यावर खडूची रेघ मारली, पुसली आणि अर्धं बोट वर मारली. गिऱ्हाइकाचं काम मी असं केलं असतं तर दुकान बंद करावं लागलं असतं. चौदा वर्षांच्या पोरीसारखं वाकडं शिवणं तीस वर्षं सरावलेल्या हाताला फार जड जातं. दोनदा सरळच आलं, दोनदा उसवलं.

संध्याकाळी तो आला, घालून आरशासमोर उभा राहिला आणि खाली बघत राहिला.

"डावा अर्धं बोट वर आहे," तो म्हणाला.

"बाबांचा होताच तसा," मी म्हणाले. आवाज शक्य तितका करडा ठेवला.

"होता ना. पण काल दुकानात दोन्ही पाय सारखे होते, ताई. मीपण बघितले."

मी खुर्चीत बसले.

"तू चार वर्षांचा होतास. तुला काय आठवतंय?"

"मी मशीनखाली होतो. मला तेवढंच दिसायचं. बाबांचे पाय."

"मग घेतलीस कशाला? बाबांची म्हणालास कशाला?"

त्याने जीन्सच्या खिशात हात घातले. "दोन वर्षं माझ्यामागून पिशवी धरून चालतेयस. चालताना बोलत नाहीस. तू, आणि बोलत नाहीस! मी दर रविवारी म्हणायचो, आता ही म्हणेल, पुरे झालं. तू काही म्हणेनास. मग मीच म्हटलं."

मला एवढं रडू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. तो माझ्याजवळ येऊन खाली बसला, लहानपणी बसायचा तिथेच, मशीनच्या पायाशी.

मग मी नाक पुसलं आणि म्हणाले, "आण इकडे. उसवून सरळ करून देते. उजवाही अर्धं बोट वर घेईन."

तो उठला, आणि त्याच जीन्समध्ये त्याने खोलीत दोन फेऱ्या मारल्या.

"राहू दे," तो म्हणाला. "चालणाऱ्याला कोण मोजतंय?"