चंद्रावरून फार लवकर आलेलं उत्तर

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एका बंद दिवाणखान्यात माझ्यासोबत येऊन बसा. भर दुपार आहे, पण पडदे ओढलेले. सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून माणसं बसलीत, कुणी खोकतसुद्धा नाही. समोर टेबलावर एक जुनं बिनतारी यंत्र, त्यावर लाल दिवा, आणि त्यामागे चंद्रमहाराज.

"यानं चंद्रावर गेली, माणसं उतरली, आणि आणलं काय, तर दगड," महाराज म्हणायचे. "अहो, तुमची गेलेली माणसं तिथेच राहतात. दगड वेचणाऱ्यांना ती दिसणार कशी?" मग ते बटण फिरवत. खरखर होई, आणि त्या खरखरीतून कुणाचा काका, कुणाची आजी बोलू लागे. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई.

त्या गर्दीत एक शिंपीण होती. शेजारी तिची दहा वर्षांची मुलगी, मांडीवर धाकटा. धाकट्याला मधुमेह, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन लागे. मागच्या खेपेला यंत्रातून त्याच्या वारलेल्या वडिलांचा आवाज आला होता, पोराला सुया टोचू नकोस, मी बरं करतो म्हणून. आईनं कालपासून इंजेक्शन दिलंच नव्हतं. सकाळी पोरगा सारखं पाणी मागत होता. आता मागायचाही थांबला होता.

"अहो, हा फार मलूल झालाय," आई यंत्राला म्हणाली. "एक सुई देऊ का, नाहीतर..."

"नको," आवाजानं तिचं बोलणं मध्येच तोडलं. "तो आता माझ्या मांडीवर आहे."

मुलीनं आईच्या मांडीकडे पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. शाळेत बाईंनी चंद्रावर उतरलेल्यांचं बोलणं ऐकवलं होतं. इकडून प्रश्न जाई, मग शांतता, मग उत्तर. तिकडचा माणूस डुलक्या काढतोय म्हणून वर्ग हसला होता. बाईंनी समजावलं होतं की संदेश उजेडाच्या वेगानं धावतो, तरी जायला सव्वा सेकंद लागतो आणि यायला सव्वा.

"महाराज, उत्तर फार लवकर आलं," ती म्हणाली. "चंद्रावरून कुणाचं बोलणं मध्येच तोडता येत नाही."

महाराज गोड हसले. "बेटी, आत्म्याच्या वाणीला वेळ लागत नाही."

"मग यंत्र कशाला लागतं?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांचं हसू मावळलं. हिला बाहेर न्या, असं त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, पण तोवर तिनं यंत्रामागची तार धरली होती. तार गच्चीवरच्या एरियलकडे जात नव्हती. सतरंजीखालून ती थेट मागच्या कपाटात शिरत होती.

मुलीनं कपाट उघडलं. आत मायक्रोफोन धरून बसला होता दारात सगळ्यांना पाणी देणारा महाराजांचा गोडबोल्या माणूस. घरचं कोण गेलं हो, तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे, असं तोच येणाऱ्याजाणाऱ्याला आपुलकीनं विचारायचा. उरलेलं काम खरखर करायची.

गर्दी मात्र जागची हलली नाही. आई पुटपुटली, "पण आवाज त्यांचाच होता गं."

बाळांनो, तिला हसू नका. दुःखात माणसाला असं ऐकू येतं. पण औषध थांबवायला सांगणाऱ्या आवाजाला आधी विचारा, तू कुठून बोलतोस आणि कशावरून. माणसं चंद्रावर पोचली ती असेच प्रश्न विचारत.

मुलगी वाद घालत बसली नाही. तिनं धाकट्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली. मागे आईच्या चपला वाजतायत का, हे तिनं वळूनही पाहिलं नाही.