काचपट्टीवरचा थेंब

ज्ञानदेव कंपनीत तपासनीस होता. मापाचं गेज लावल्याशिवाय त्यानं वीस वर्षांत एक बोल्ट पास केला नव्हता. घरी मात्र सगळा कारभार नजरेच्या अंदाजानं चाले. तीन आठवडे तो खोकत होता. कंपनीच्या डॉक्टरनं दिलेली छातीच्या फोटोची चिठ्ठी खिशात घडी होऊन पडली होती.

आता थेरगावच्या खोलीत त्याचा कुत्रा खंड्या आजारी पडला. डोळे पिवळे, हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या, लघवी काळ्या चहासारखी. ज्ञानदेवनं त्याच्या गळ्यात दोऱ्यात ओल्या काड्या गुंफलेली काविळीची माळ घातली. माळ लांबली की कावीळ उतरते म्हणे. चार दिवसांत माळ जमिनीला टेकली. खंड्याही.

"अहो, रक्त तपासून आणा," त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली.

"तपासलं की काहीतरी निघतं. आईचं तपासलं, आठ दिवसांत गेली."

"सहा महिने अंगावर काढलं, म्हणून गेल्या! बोल्टाला गेज, आणि मुक्या जिवाला दोरा?"

खंड्यानं शेपूट हलवायला पाहिलं. ते उचललंच नाही. त्याला पोत्यात गुंडाळून ज्ञानदेवनं सायकलवरून जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टर यशवंतरावांनी रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात सलाईनचा थेंब मिसळला आणि पट्टी हलवली. रक्त एकसारखं पसरलं नाही. त्यात लाल रव्यासारखे दाणे धरले. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. ज्ञानदेव टेबलाजवळ सरकला.

"विष का हो?"

"नाही. शरीराची राखणदार फौज स्वतःच्याच लाल पेशी शत्रू समजून मारतेय. या बघा, एकमेकींना चिकटल्यात, सलाईननंही सुटत नाहीत."

"म्हणजे निघालंच ना काहीतरी!"

"निघालं नाही, राव. होतंच! आज दिसलं. माळेच्या काड्या सुकल्या म्हणून माळ लांबली. तिला रक्तातलं काय कळणार? गोळ्या देतो. वाचेल असं आज सांगवत नाही. उशीर केलात."

पुढचे आठ दिवस शिफ्टवरून आला की ज्ञानदेव आधी दाराला कान लावी. आत श्वास ऐकू आला की मगच कडी काढी. नवव्या दिवशी कान लावला, तर आतून शेपटी जमिनीवर आपटल्याचा आवाज! तो उंबऱ्यावरच मटकन बसला.

माळ दुर्गाबाईनं पडवळाच्या वेलाला बांधली. तिथं लांबली तर वेलाला चढायला तरी उपयोग होता.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदेव छातीच्या फोटोच्या रांगेत उभा होता. दोनदा त्यानं बाहेरच्या दाराकडे वळून पाहिलं, पण रांग सोडली नाही.

वाचकहो, तपासणी रोग आणत नाही; आलेला रोग दाखवते. भीती वाटली तर वाटू द्या. तिला सोबत घेऊन जा, पण वेळेत जा!