कोपऱ्यावरचा खांब

सीबमधल्या नव्या बंगल्यासमोर इंजिनिअर उत्तराने मान वर केली. वऱ्हांडा दोन रस्त्यांकडे वळत होता. प्रत्येक खांबाच्या माथ्यावरच्या ग्रीक धाटणीच्या दोन गुंडाळ्या त्या खांबासमोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. कोपऱ्यातल्या खांबाची फक्त समोरची बाजू ठीक होती. बाजूच्या रस्त्यावरून मात्र तिथे वळकटी केलेली चटई आडवी ठेवल्यासारखं दिसत होतं.

रुसैलच्या कारखान्यात हे माथे काँक्रीटमध्ये ओतले होते. साचे करणारे हुसैनमियाँ महिन्यापूर्वीच तिला म्हणाले होते, "मॅडम, कोपऱ्यावरच्याला दोन तोंडं लागतात. साचा वेगळा काढूया. आठवडा द्या."

"ड्रॉइंगमध्ये एकच नमुना आहे, चाचा. यल्ला, चला, तोच करा."

काँक्रीटची ताकद तिने चार वेळा तपासली होती. खांबाला चहूबाजूंनी बघणारी माणसं असतात, हे मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं.

कालच्या मीटिंगमध्ये बंगल्याच्या मालकाची तक्रार सांगताना मॅनेजर अंबरीश तडकला होता. "हुसैनमियाँ, वीस वर्षं साचे करताय ना? उद्यापासून लोडिंगला!" हुसैनमियाँनी उत्तराकडे एकदा पाहिलं. तिने फाइलचं पान उलटलं.

सीबहून ती थेट कारखान्यात आली. साठीला टेकलेले हुसैनमियाँ ट्रकमध्ये खोकी चढवत होते. साच्याच्या कामातला त्यांचा जोडीदार मुस्तफा दारातून ओरडला, "चाचा, माती वाळतेय! का आता ट्रकचाच साचा काढणार?" कोणी हसलं नाही.

"चाचा, काल तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो होतो की. तुमच्याशी." त्यांनी पुढचं खोकं उचललं. "सरांशी बोलायचं काम तुमचं होतं."

ती वर गेली. "सर, एकच साचा मी ठरवला. चाचांनी मला सांगितलं होतं."

अंबरीशने मोबाइल खाली ठेवला. "मग काल जीभ कुठे होती?"

"घाबरले होते."

"त्यांना सगळ्यांसमोर बोललोय मी. आता सगळ्यांसमोर सांग. मग येतील ते साच्यावर परत."

जेवणाच्या सुट्टीत तिने सांगितलं. हुसैनमियाँ डबा खात राहिले. मग हात धुऊन साच्याच्या खोलीत गेले, ओली माती ओढली आणि कोपऱ्यातली गुंडाळी दोन्ही रस्त्यांवरून दिसेल अशी तिरकी बाहेर काढायला घेतली. उत्तरा दारातच घुटमळत होती.

"टेप धरा," ते म्हणाले.

तिने धरला. मापं मात्र ते मुस्तफाला सांगत होते.