निंबाळकरांचा पंप

जयंतराव निंबाळकरांनी बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधला आणि पहिल्याच सकाळी त्याच्या पंपानं पाणी प्यायला आलेल्या मांजराचे पट्टे ओढून घेतले. मांजर पांढरंफेक होऊन काठावर बसलं. पाणी मात्र चकाचक.

"बघा, काय सफाई आहे!" जयंतराव म्हणाले. "पंप रोज दिवसभर चालवायचा. घाणीला दयामाया नाही."

शेजारचा बापू शिंगारे पन्नाशी ओलांडलेला, पण कुणाची खोडी काढल्याशिवाय त्याला चहा पचत नसे. तो म्हणाला, "दिवसभर? घरचा पूल आहे का नगरपालिकेची टाकी? ऊन कलायच्या आत स्वतःच्या हातानं बंद कराल. लावता पैज?"

"लावली!"

हरेल त्यानं बायकोचा गाऊन घालायचा, जिंकणाऱ्याला पाठंगुळी घ्यायचं आणि कॉलनीभर फिरवायचं. जयंतरावांनी खटका दाबला. बापू काठावर बसला आणि जयंतरावांची बायको मंगलवहिनी पाण्यात पाय सोडून बसल्या. पैजेला साक्षीदार नको?

आधी वहिनींच्या साडीवरची फुलं गेली. मग टाचांच्या भेगा गेल्या.

"भाऊजी, पार्लरचा खर्च वाचला की!" वहिनी खूश.

दुपारी कपाळावरच्या आठ्या गेल्या, मग आठ्या पडायची कारणं गेली. वहिनी नवऱ्याकडं बघून गोड हसल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या असं परक्यासारखं कधी हसल्या नव्हत्या.

"काका," त्या जयंतरावांना म्हणाल्या, "या घरचे मालक कुठं गेलेत?"

"मंगल, चेष्टा पुरे. बाप्या, तू शिकवलंस ना हे?"

"आईशप्पथ नाही."

बापूनं फिल्टरच्या काचेत डोकावून बघितलं. आत वहिनी गरगर फिरत होत्या. लग्नातला रुसवा, पोराचं बारसं, सासूशी झालेलं लोणच्यावरचं भांडण. मधूनच एक 'अहो' वर यायचं नि परत बुडायचं.

"बंद करा, जयंतराव."

जयंतरावांचा हात खटक्यापाशी जाऊन थांबला. कुंपणापलीकडं अख्खी कॉलनी जमली होती. दोरीवर वहिनींचा गाऊन वाळत होता. गुलाबी, सशांचा.

"जरा चालू दे. आठवेल तिला."

"आठवणार कुठनं? तुम्हीच त्यांना गाळून काढताय!"

वहिनी उठल्या. "काका, मी निघते. इथं रिक्षा मिळेल ना?"

जयंतरावांनी खटका बंद केला. "हरलो!" ते असे ओरडले की मांजर पाण्यात पडलं.

आता बॅकवॉश. म्हणजे पाणी उलटं फिरवायचं आणि फिल्टरमध्ये अडकलेलं पाइपातनं बाहेर काढायचं. एरवी ते गटारात सोडतात. बापूनं पाइप थेट वहिनींवर धरला. पाण्याला जोर असा, की पाइप हातात नाचायला लागला. निम्मं वहिनींवर, निम्मं बापूच्याच तोंडात. फुलं आली, भेगा आल्या, आठ्या आल्या. मांजरालाही पट्टे मिळाले, जरा आडव्याचे उभे.

वहिनींनी तोंड पुसलं. "असे भुतासारखे उभे काय राहिलाय? चहा कुणी टाकायचा?"

"चिडली!" जयंतराव रडतरडत हसले. "माझ्यावरच चिडली रे, बाप्या!" त्यांनी आपणहून गाऊन घातला. बापूच्याही छातीवरचा धोंडा उतरला. तो टुणकन त्यांच्या पाठीवर चढला.

फाटकातनं वरात बाहेर पडली. पोरं थाळ्या बडवायला लागली, बायका गच्चीतनं वाकून बघत होत्या. जयंतराव सगळ्यांना हात करत होते, लाजबीज काही नाही. मागनं वहिनी चालत होत्या, काहीतरी राहिल्यासारख्या वळूनवळून बघत.

उतार लागला. बापूनं कॉलनीला शिवी हासडायला तोंड उघडलं आणि आतून वहिनींच्या आवाजात आलं, "अहो, जपून. कमरेचा पट्टा लावलाय ना?"

"लावलाय गं," जयंतराव म्हणाले आणि त्याला जरा वर सरकवून चालत राहिले.